ज्याची तारीख कोणी लिहून ठेवली नाही

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत सरकारी कार्यालये, बँका आणि टपालखाते बंद असते. बोलताना सगळे या दिवसाला 'प्रेसिडेंट्स डे' म्हणतात, परंतु केंद्र सरकारच्या कायद्यात या सुट्टीचे नाव आजही 'वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस' असेच आहे. मेरीलँडमध्ये राहायला आल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहताना माझ्या लक्षात आले की जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख २२ फेब्रुवारी आहे आणि तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांच्या बाहेर कधीच जात नाही. म्हणजे ज्यांच्या जन्मदिवसाची ही सुट्टी, त्यांच्या खऱ्या जन्मतारखेला ती येणेच शक्य नाही. नोकरदारांना सलग तीन दिवसांची सुट्टी मिळावी म्हणून १९६८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने काही राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी आणणारा कायदा केला, तो १९७१ पासून लागू झाला आणि तेव्हापासून हे असेच चालू आहे. या देशातल्या थोर माणसांच्या जन्मतारखा कोणी लिहिल्या, कोणी बदलल्या आणि कोणाच्या लिहिल्याच गेल्या नाहीत, याबद्दलचे माझे वाचन त्या कॅलेंडरपासून सुरू झाले आणि अजून संपलेले नाही.

वॉशिंग्टन यांच्या जन्माची नोंद त्यांच्या घराण्याच्या बायबलमध्ये आहे. ऑगस्टीन आणि मेरी यांचा मुलगा जॉर्ज ११ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमारास जन्मला आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याला बाप्तिस्मा देण्यात आला, असे त्यात लिहिले आहे. तारीख तर आहेच, पण घटकाही आहे. घरात लिहिता येणारी माणसे होती, लिहायला ग्रंथ होता आणि हे मूल कोणाचे हे जगाला सांगण्यात अभिमान होता, म्हणून व्हर्जिनियातल्या पोप्स क्रीकच्या काठी त्या सकाळी काय घडले हे आज आपल्याला ठाऊक आहे.

मग ११ तारखेची २२ कशी झाली? ब्रिटन आणि त्याच्या वसाहती तोवर जुने ज्युलियन कॅलेंडर पाळत होत्या, ते सूर्याच्या मानाने अकरा दिवस मागे पडले होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने नवे ग्रेगोरियन कॅलेंडर आले, त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला आणि नवे वर्ष १ जानेवारीपासून मोजले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ ला जन्मलेल्या वॉशिंग्टन यांची तारीख नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ झाली. शिवजयंती तिथीने करावी की तारखेने, हा वाद ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला या गुंत्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. स्वतः वॉशिंग्टन यांनाही दोन्ही तारखांसह जगावे लागले. १७७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत सैन्याच्या वादकांनी त्यांच्यासाठी वाजवले ते २२ फेब्रुवारीला, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १७९९ मध्ये, आपल्या वाढदिवसाच्या समारंभासाठी अलेक्झांड्रिया गावी गेल्याची नोंद त्यांनी रोजनिशीत केली ती ११ फेब्रुवारीला. त्याच महिन्यात २२ तारखेला माउंट व्हर्नन येथील त्यांच्या घरी दिवेलागणीच्या वेळी नेली कस्टिस हिचे लग्न लागले. ती मार्था वॉशिंग्टन यांची नात, आणि तिला या दोघांनी मुलीसारखे वाढवले होते.

जन्मस्थळाचीही अशीच कथा आहे. पोप्स क्रीकचे मूळ घर १७७९ मध्ये जळाले. जन्माला दोनशे वर्षे होत आली तेव्हा तिथे एक सुबक विटांचे स्मारकगृह उभारले गेले, आणि पुढे उत्खनन झाल्यावर दिसून आले की खऱ्या घराचा पाया तिथे नसून थोड्या अंतरावर आहे. आज त्या पायाची रेषा जमिनीवर शिंपल्यांनी आखून दाखवली आहे. स्मारकगृह पाडले नाही आणि चूक लपवलीही नाही, हे मला फार प्रामाणिक वाटले.

थॉमस जेफरसन यांनी मात्र आपला जन्मदिवस लोकांना कळूच दिला नव्हता. १८०३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष असताना बॉस्टनच्या काही नागरिकांना तो साजरा करायचा होता. त्यावर त्यांनी आपल्या मंत्रिमंडळातील लीव्हाय लिंकन यांना पत्रातून कळवले की प्रजासत्ताकाच्या जन्मदिवसाला मिळणारा मान कोणा एका व्यक्तीकडे वळवणे किंवा व्यक्तींमध्ये वाटणे आपल्याला पसंत नाही, म्हणून आपण आपली जन्मतारीख प्रकट होऊ दिलेली नाही. राजेरजवाड्यांचे वाढदिवस साजरे करणाऱ्या युरोपातून नुकत्याच सुटलेल्या देशात हा विचार मोलाचा होता आणि मी तो मनापासून मानतो. त्यांच्या समाधिस्तंभावर २ एप्रिल १७४३ ही तारीख जुन्या कॅलेंडरची असल्याच्या खुणेसह कोरलेली आहे, आणि त्यांचे निधन झाले ते १८२६ च्या ४ जुलैला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ज्या दिवशी त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सही गेले.

परंतु याच जेफरसन यांनी आपल्या शेतीच्या वहीत गुलामांच्या याद्या ठेवल्या होत्या आणि त्या याद्यांमध्ये नावांपुढे जन्माचे साल घातले होते. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. स्वतःची जन्मतारीख सांगायची की झाकून ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांना होता, आणि त्या सहाशे माणसांच्या जन्माची नोंद ठेवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच होता. ही गोष्ट वाचल्यापासून अमेरिकेतल्या कोणत्याही जुन्या जन्मतारखेकडे पाहताना, ही कोणाच्या वहीतून आली, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो.

हा प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगलेला माणूस म्हणजे गुलामगिरीत जन्मलेले आणि पुढे तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस. आईने त्यांचे नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली असे ठेवले होते, म्हणजे बायबलमध्ये घटकेसह नोंदल्या गेलेल्या त्या बाळाचे नाव या बाळाच्या नावातही होते. मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, टॅलबट परगण्यात, टकाहो नावाच्या ओढ्याजवळच्या आपल्या आजीच्या, बेट्सी बेलीच्या, झोपडीत ते वाढले. त्यांची आई हॅरिएट सुमारे बारा मैलांवरच्या शेतात कामाला लावलेली होती. दिवसभर राबून ती रात्री पायी चालत येई, मुलाजवळ आडवी होई आणि तो जागा होण्याआधी परत निघालेली असे. अशा मोजक्या रात्रींपलीकडे त्यांना आईची ओळख नव्हती, आणि ते सातएक वर्षांचे असताना ती वारली. त्यांच्या आठवणीतली तिची शेवटची भेट अशी आहे की स्वयंपाकघरातल्या बाईने रागावून त्यांना दिवसभर उपाशी ठेवले होते, नेमकी तेव्हाच आई आली, तिने त्या बाईला खडसावले आणि मुलाच्या हातात आल्याचा, हृदयाच्या आकाराचा गोड केक दिला. त्या रात्री आपण केवळ एक मूल नसून कोणाचे तरी मूल आहोत हे आपल्याला कळले, असे त्यांनी लिहिले आहे.

१८४५ मध्ये बॉस्टन येथे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात जन्मतारखेचा प्रश्न आहे. आपले नेमके वय आपल्याला ठाऊक नाही, कारण त्याची खरी नोंद आपण कधी पाहिलेली नाही. बहुतेक गुलामांना आपल्या वयाची माहिती घोड्यांना असते तितकीच असते. जन्म सांगायचा तर पेरणीच्या वेळचा, कापणीच्या वेळचा, चेरी पिकण्याच्या दिवसांतला, वसंतातला असाच सांगितला जातो, असे ते सांगतात. त्यांना सर्वांत लागलेली गोष्ट त्यापुढे येते. गोऱ्या मुलांना आपापले वय सांगता येत होते, ते आपल्याला का सांगता येऊ नये हे लहानपणी त्यांना कळत नसे, आणि मालकाला विचारण्याची सोय नव्हती, कारण गुलामाने असे विचारणे हे उद्धटपणाचे आणि अस्वस्थ मनाचे लक्षण मानले जाई. मालकाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ज्याला स्वतःचे वय हवे असते त्याला स्वतःचे आयुष्यही हवे असते.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल लिहिले पाहिजे. अण्णांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. महाराष्ट्रात त्यांच्या पिढीतल्या खेड्यातल्या हजारो माणसांची तारीख हीच आहे, हे मराठी वाचकांना माहीत असेल. शाळा जूनमध्ये उघडत, मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहत, सहा वर्षे पुरी झाली असे धरत आणि दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. त्या तारखेवर अण्णांची शाळा झाली, नोकरी झाली, निवृत्ती झाली आणि पासपोर्टही निघाला. मी डग्लस यांचा तो परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा पेरणी आणि कापणीच्या उल्लेखाजवळ थांबलो, कारण माझी आजीसुद्धा मुलांची वये सुगीवरून आणि दुष्काळावरून मोजत असे. तरीही या दोन गोष्टी एका पारड्यात टाकणे योग्य होणार नाही. आमच्या घरात तारीख लिहिली गेली नाही कारण लिहिता येणारे कोणी नव्हते. तिथे नोंद होती, लिहिलेली होती, फक्त ती ज्याची होती त्याला दाखवली जात नव्हती.

ही नोंद खरोखरच होती. डग्लस यांचा पहिला मालक ॲरन अँथनी हा एका मोठ्या जमीनदाराचा कारभारी होता आणि त्याने आपल्या गुलामांच्या जन्मांची यादी हिशेबाच्या वहीत ठेवली होती. डिक्सन प्रेस्टन या पत्रकाराने डग्लस यांच्या बालपणाचा शोध घेताना ती वही अभ्यासली आणि १९८० मध्ये आपल्या पुस्तकातून ती नोंद वाचकांपुढे आणली. हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, एवढेच त्या ओळीत आहे. दिवस नाही, घटका नाही, बापाचे नाव नाही. ती ओळ मुलाच्या कौतुकासाठी लिहिलेली नव्हती, मालमत्तेत एक भर पडली म्हणून लिहिलेली होती. डग्लस यांनी मात्र १८३५ साली मालकाच्या तोंडून कानावर पडलेल्या एका वाक्यावरून आपला हिशेब केला होता आणि पुढे ते आपले जन्मसाल १८१७ धरत राहिले, म्हणजे खऱ्या वयापेक्षा एक वर्षाने मोठे समजून जगले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी ते खलाशाच्या वेषात बाल्टिमोरहून निसटले आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला पोहोचले. पुढची त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. वक्ता, संपादक, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांना भेटून काळ्या सैनिकांच्या वेतनाचा प्रश्न मांडणारा नेता, हैतीमधला अमेरिकेचा राजदूत. एवढे सगळे झाल्यावरही तो जुना प्रश्न सुटला नाही. १८७७ मध्ये ते मेरीलँडच्या सेंट मायकल्स गावी जाऊन आपला एकेकाळचा मालक थॉमस ऑल्ड याला भेटले. तो अंथरुणाला खिळलेला होता, हात थरथरत होते. ज्याने आपल्याला विकण्याची धमकी दिली होती, ज्याच्यावर आपण जाहीर सभांमधून कोरडे ओढले होते, त्या माणसाला त्यांनी जे विचारले त्यात आपल्या जन्माचा प्रश्न होता. ऑल्डने फेब्रुवारी १८१८ सांगितले. ते बरोबर होते, पण डग्लस यांनी नंतरच्या आत्मचरित्रातही १८१७ च ठेवले. कदाचित त्या तोंडून आलेल्या उत्तरावर विसंबावेसे त्यांना वाटले नसेल. पुढच्या वर्षी ते टकाहोच्या काठी आजीच्या झोपडीची जागा शोधायला गेले. झोपडीचा मागमूस नव्हता. तिथली थोडी माती घेऊन ते परतले.

महिना तर हाती होता, दिवस कोणालाच ठाऊक नव्हता. डग्लस यांनी १४ फेब्रुवारी निवडला. हा व्हॅलेंटाइनचा दिवस, आणि आई आपल्याला लाडाने तसे म्हणत असे या आठवणीशी, त्या हृदयाच्या आकाराच्या केकशी, ही निवड जोडली जाते. इतिहासकाराच्या काटेकोर दृष्टीने ही तारीख पुराव्यात बसत नाही हे मला मान्य आहे. तरी वॉशिंग्टन यांची २२ ही संसदेने दिलेली तारीख जर आपण बिनतक्रार स्वीकारतो, तर डग्लस यांनी आईच्या एका भेटीवरून स्वतः ठरवलेली १४ ही तारीख तितक्याच आदराने स्वीकारली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी, म्हणजे त्यांनी मानलेल्या वाढदिवसानंतर सहा दिवसांनी, ते गेले. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, वॉशिंग्टन शहराच्या शिक्षण मंडळावर असलेल्या मेरी चर्च टेरेल यांनी तिथल्या काळ्या मुलांच्या शाळांमध्ये १४ फेब्रुवारी हा 'डग्लस दिन' म्हणून पाळण्याची प्रथा सुरू करवली. तिकडे अब्राहम लिंकन यांची १२ फेब्रुवारी ही तारीख आधीच पूज्य झाली होती. केंटकीतल्या १८०९ सालच्या त्या जन्माला शंभर वर्षे झाली त्याच दिवशी, १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, वंशभेदाविरुद्ध एकत्र येण्याचे जे जाहीर आवाहन निघाले त्यातून काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संस्था उभी राहिली. पुढे एकेकाळी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेले इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तेव्हा त्यांनी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला तो १२ आणि १४ हे दोन्ही दिवस त्यात यावेत म्हणूनच. पन्नास वर्षांनी, १९७६ मध्ये, त्या सप्ताहाचा पूर्ण महिना झाला. माझ्या मुलीच्या शाळेत फेब्रुवारीभर भिंतींवर जी चित्रे लागतात, त्यांच्या मुळाशी आजीच्या झोपडीतल्या एका मुलाने स्वतःसाठी निवडलेली तारीख आहे, हे तिला मी दरवर्षी सांगतो. गुलामगिरीच्या अंतासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला होता, हेही तिला सांगतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तारखेबद्दल कसलीच शंका नव्हती. १५ जानेवारी १९२९, अटलांटातील ऑबर्न अव्हेन्यूवरचे घर. वाद झाला तो ती तारीख देशाची मानायची की नाही यावर. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली आणि चारच दिवसांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन कॉन्यर्स यांनी त्यांच्या जन्मदिवसाच्या राष्ट्रीय सुट्टीचे विधेयक मांडले. ते वर्षानुवर्षे मांडले जात राहिले. १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहात ते अवघ्या पाच मतांनी पडले. किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी देशभर सह्या गोळा केल्या, त्या लाखांच्या घरात गेल्या, स्टीव्ही वंडर यांनी वाढदिवसाचे एक गाणे याच मागणीसाठी रचून गायले, आणि अखेर २ नोव्हेंबर १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ रोजी पाळली गेली. सगळ्या पन्नास राज्यांनी ती मानायला २००० साल उजाडले.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट त्यानंतरची आहे. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचा जन्म १९ जानेवारीचा. दक्षिणेतल्या काही राज्यांत त्यांच्या जन्मदिवसाची सुट्टी आधीपासून होती. किंग यांची सुट्टी आली तेव्हा व्हर्जिनियाने ली, त्यांचे सहकारी जॅक्सन आणि किंग असे तिघांचे दिवस एकत्र केले आणि २००० पर्यंत तसेच चालवले. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत आजही जानेवारीचा तिसरा सोमवार किंग आणि ली या दोघांच्या नावाने पाळला जातो. मान्टगोमेरी हे अलाबामाच्या राजधानीचे शहर. बसमधल्या वेगळ्या बाकांविरुद्ध वर्षभर पायी चालून लढा दिला गेला तो याच शहरात. तिथल्या सरकारी कॅलेंडरवर ही दोन नावे एकाच चौकटीत छापलेली असणे मला योग्य वाटत नाही.

गेल्या वर्षी अण्णा आमच्याकडे आले होते. फेब्रुवारीत एका कोरड्या, थंड दिवशी मी त्यांना वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया भागातल्या टेकडीवर सीडर हिल या डग्लस यांच्या घरी घेऊन गेलो. ते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि तिथून समोर सगळे शहर दिसते. पायऱ्या चढताना अण्णा दमले, म्हणून आम्ही ओसरीवर थांबलो. मी त्यांना वहीतल्या त्या ओळीची गोष्ट सांगितली, १४ तारखेची सांगितली.

"म्हणजे तारीख यांनी स्वतःच लावली?" अण्णांनी विचारले.

"हो. स्वतःच."

ते बराच वेळ शहराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आई सांगायची, तू झालास तेव्हा घरात हुरडा आला होता. म्हणजे मार्गशीर्ष असेल. नाहीतर पौष."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते.